विश्लेषण : माँटेनेग्रो सर्बियापासून वेगळा कसा झाला? ५५ टक्क्यांची अट का घालण्यात आली?

२१ मे २००६ रोजी युरोपातील माँटेनेग्रो या छोट्या प्रजासत्ताकात सार्वमत झाले. तेराव्या दिवशी तिथल्या संसदेने स्वातंत्र्य जाहीर केले आणि जून संपण्यापूर्वी तो संयुक्त राष्ट्रांचा १९२वा सदस्यही झाला. ज्या युगोस्लाव्हियाच्या विघटनात लाखाहून अधिक माणसे मारली गेली, त्यातील एकत्र उरलेल्या शेवटच्या दोन प्रजासत्ताकांची फारकत मात्र एकही गोळी न झाडता झाली. कॅटालोनिया किंवा स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याचा विषय निघाला की आजही माँटेनेग्रोचा दाखला दिला जातो. हे नेमके घडले कसे, मोठ्या भागीदाराने ते मान्य का केले आणि त्यातून काय सुटले, काय राहिले, याविषयी…

माँटेनेग्रो पूर्वी कधी स्वतंत्र होता का?

अ‍ॅड्रियाटिक समुद्राच्या काठावरील माँटेनेग्रोचे क्षेत्रफळ १३,८१२ चौरस किलोमीटर, तर लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास आहे. वेगळे होताना सर्बियाची लोकसंख्या कोसोवो वगळून सुमारे ७५ लाख होती, म्हणजे जोडीदार बारा पटींनी मोठा. स्थानिक भाषेत देशाचे नाव त्स्र्ना गोरा, म्हणजे काळा डोंगर. ऑटोमन तुर्कांचे साम्राज्य बाल्कन प्रदेशात पसरले होते, तेव्हाही या डोंगराळ मुलखाने बऱ्याच अंशी आपला कारभार आपल्या हाती ठेवला. १८७८ मध्ये बर्लिन परिषदेत युरोपातील बड्या सत्तांनी त्याला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली. १९१० मध्ये राजे निकोला यांनी त्याला राजेशाहीचा दर्जा दिला.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चित्र बदलले. नोव्हेंबर १९१८ मध्ये पॉडगोरिट्सा येथे भरलेल्या सभेने राजे निकोला यांना पदच्युत करून सर्बियाशी विलीनीकरणाचा निर्णय घेतला. त्या वेळी विनाशर्त विलीनीकरणाच्या बाजूच्या उमेदवारांची यादी पांढऱ्या कागदावर, तर विरोधकांची हिरव्या कागदावर छापलेली होती. त्यावरून ‘पांढरे’ आणि ‘हिरवे’ असे दोन तट पडले. जानेवारी १९१९ मध्ये हिरव्यांनी उठाव केला आणि तो मोडून काढण्यात आला. आपण सर्ब लोकांचीच एक शाखा आहोत की वेगळे राष्ट्र आहोत, हा या दोन तटांमधला वाद. २००६ च्या सार्वमतात मतपत्रिकेवर प्रश्न स्वतंत्र राज्याचा होता. पण अनेक घरांत त्याचे उत्तर या जुन्या वादाच्या आधारे ठरले.

युगोस्लाव्हियातील दर्जा महत्त्वाचा का ठरला?

दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल टिटो यांच्या नेतृत्वाखाली युगोस्लाव्हिया सहा प्रजासत्ताकांचे संघराज्य झाला : सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, मॅसेडोनिया आणि माँटेनेग्रो. यांत माँटेनेग्रो सर्वात लहान होता. तरीही त्याला स्वतःची राज्यघटना, संसद आणि सरकार होते, आखलेली सीमा होती. १९७४ च्या राज्यघटनेने प्रजासत्ताकांचे अधिकार आणखी वाढवले.

हा दर्जा पुढे निर्णायक ठरला. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया बाहेर पडले, तेव्हा युरोपीय समुदायाने फ्रेंच कायदेपंडित रॉबेर बादँतेर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. या आयोगाने म्हटले की युगोस्लाव्हियातून कोणी फुटून निघत नसून तो देशच विसर्जित होत आहे. प्रजासत्ताकांमधील अंतर्गत सीमा बळाने बदलता येणार नाहीत, त्याच आता आंतरराष्ट्रीय सीमा मानल्या जातील, असेही मत त्याने दिले.

याचा अर्थ असा, की संघराज्यात ज्याला प्रजासत्ताकाचा दर्जा होता त्याच्यासाठी स्वतंत्र देश होण्याचा दरवाजा उघडला. ज्याला तो नव्हता त्याच्यासाठी नाही. कोसोवोची लोकसंख्या माँटेनेग्रोपेक्षा कितीतरी जास्त. पण तो सर्बियातील स्वायत्त प्रांत होता, स्वतंत्र प्रजासत्ताक नव्हता. कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, पण सर्बियाने ते आजही मान्य केलेले नाही आणि संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा नाही. लहान घटकाचे भवितव्य त्याच्या आकारापेक्षा संघराज्यातील त्याच्या कायदेशीर स्थानावर किती अवलंबून असते, हे या दोन शेजाऱ्यांकडे पाहून कळते.

१९९२ मध्ये कौल उलटा कसा होता?

स्वातंत्र्याची संधी माँटेनेग्रोला १९९२ मध्येच आली होती आणि ती त्याने नाकारली. १ मार्च १९९२ रोजी झालेल्या सार्वमतात ९५ टक्क्यांहून अधिक मते युगोस्लाव्हियात राहण्याच्या बाजूने पडली. स्वातंत्र्यवादी पक्षांनी आणि मुस्लीम व अल्बानियन अल्पसंख्याकांपैकी अनेकांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास राहिले. पुढच्याच महिन्यात सर्बिया आणि माँटेनेग्रो यांनी मिळून नवे ‘युगोस्लाव्हिया संघीय प्रजासत्ताक’ स्थापन केले.

त्या वेळी पॉडगोरिट्सामध्ये सत्तेवर होते ते मोमिर बुलातोविच आणि मिलो जुकानोविच. दोघेही सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच यांच्या पाठिंब्याने पुढे आलेले. जुकानोविच तर १९९१ मध्ये वयाच्या २९ व्या वर्षी पंतप्रधान झाले होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत क्रोएशियातील दुब्रोव्हनिक शहराला वेढा घालणाऱ्या फौजांत माँटेनेग्रोचे राखीव सैनिकही होते.

या मैत्रीची किंमत लवकरच मोजावी लागली. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नव्या युगोस्लाव्हियावर कडक आर्थिक निर्बंध लादले. व्यापार थांबला, पर्यटन बुडाले, महागाईने चलन कागदाच्या किमतीचे झाले. जुन्या युगोस्लाव्हियाची संयुक्त राष्ट्रांतील जागा आपोआप आपल्याकडे येईल हा बेलग्रेडचा दावाही आमसभेने मान्य केला नाही. समुद्रकिनारा आणि बंदर असलेल्या माँटेनेग्रोला बेलग्रेडच्या धोरणांची झळ बसत होती. ती धोरणे ठरवण्यात मात्र त्याचा वाटा नगण्य होता.

दुरावा कसा वाढत गेला?

१९९७ मध्ये सत्ताधारी पक्षातच फूट पडली. बुलातोविच मिलोशेविच यांच्यासोबत राहिले, जुकानोविच यांनी वेगळी वाट धरली आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थोड्या फरकाने बुलातोविच यांना हरवले. यानंतर पॉडगोरिट्साने बेलग्रेडपासून एकेक कारभार हळूहळू काढून घेतला. १९९९ मध्ये कोसोवोवरून नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले केले, तेव्हा जुकानोविच सरकारने तटस्थ भूमिका घेतली. माँटेनेग्रोतील लष्करी ठिकाणांवर बॉम्ब पडले, पण सर्बियाच्या तुलनेत हानी खूप कमी झाली.

सर्वात मोठे पाऊल चलनाचे होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये माँटेनेग्रोने युगोस्लाव्ह दिनारच्या जोडीला जर्मन मार्क अधिकृत केला. कारण साधे होते. दिनार छापण्याचा अधिकार बेलग्रेडकडे होता आणि तिथे नोटा बेसुमार छापल्या की इथली बचत वितळत असे. पुढे दिनार पूर्ण बंद झाला आणि २००२ मध्ये मार्कच्या जागी युरो आला. विशेष म्हणजे युरोपीय महासंघाचा सदस्य नसताना, युरोपीय मध्यवर्ती बँकेशी कोणताही करार न करता हा देश आजही युरो वापरतो.

सीमाशुल्काची व्यवस्थाही वेगळी झाली. दोन प्रजासत्ताकांच्या हद्दीवर मालाची तपासणी होऊ लागली. जून २००० मध्ये जुकानोविच यांनी दुब्रोव्हनिकच्या हल्ल्याबद्दल क्रोएशियाकडे दिलगिरी व्यक्त केली. नकाशावर देश एकच होता, पण चलन, जकात आणि काही प्रमाणात परराष्ट्र धोरणही दोन झाले होते. सार्वमताच्या कितीतरी आधी माँटेनेग्रो स्वतःचा संसार चालवू लागला होता.

युरोपने आधी विरोध का केला?

ऑक्टोबर २००० मध्ये मिलोशेविच सत्तेवरून गेले. ते असेपर्यंत पाश्चिमात्य देश जुकानोविच यांना मदत करत होते; ते जाताच या देशांचा सूर बदलला. माँटेनेग्रो वेगळा झाला तर कोसोवो आणि बोस्नियातील सर्ब प्रदेशही तीच मागणी करतील, अशी भीती होती. शिवाय बेलग्रेडमध्ये नुकतेच आलेले लोकशाही सरकार डळमळीत होऊ नये, असेही वाटत होते.

म्हणून युरोपीय महासंघाचे परराष्ट्र धोरण प्रमुख हावियेर सोलाना यांनी मध्यस्थी केली. १४ मार्च २००२ रोजी बेलग्रेड करार झाला आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ नावाचे नवे, सैलसर राज्यसंघ अस्तित्वात आले. युगोस्लाव्हिया हे नाव नकाशावरून पुसले गेले. या राज्यसंघाची संसद १२६ सदस्यांची होती, त्यांत ९१ सर्बियाचे आणि ३५ माँटेनेग्रोचे. सामाईक मंत्री केवळ पाच. चलने दोन, मध्यवर्ती बँका दोन, जकात व्यवस्था दोन. लोक गमतीने या देशाला ‘सोलानिया’ म्हणत.

पण या कराराच्या सनदेत ६०वे कलम होते आणि पुढचा सगळा इतिहास त्याने घडवला. तीन वर्षांनंतर दोघांपैकी कोणालाही सार्वमत घेऊन बाहेर पडता येईल, असे त्यात लिहिले होते. जो बाहेर पडेल त्याला जुन्या राज्याचे आंतरराष्ट्रीय स्थान मिळणार नाही. ते राहणाऱ्याकडे जाईल. माँटेनेग्रो गेला तर कोसोवोविषयीचा सुरक्षा परिषदेचा १२४४ क्रमांकाचा ठराव सर्बियालाच लागू राहील, हेही स्पष्ट केले होते. त्या ठरावात युगोस्लाव्हियाच्या प्रादेशिक अखंडतेचा उल्लेख असल्याने सर्बियासाठी ही ओळ मोलाची होती. थोडक्यात, एकत्र राहण्याच्या करारातच वेगळे होण्याची रीत लिहून ठेवली होती. सोलाना यांना वेळ हवा होता, जुकानोविच यांना मार्ग हवा होता. दोघांनाही जे हवे ते मिळाले.

५५ टक्क्यांची अट कुठून आली?

तीन वर्षे संपताच सार्वमताची तयारी सुरू झाली आणि खरा वाद नियमांचा निघाला. साध्या बहुमताने निर्णय व्हावा, असे सरकारचे म्हणणे. एकत्र राहण्याच्या बाजूच्या पक्षांना ते मान्य नव्हते. पन्नास टक्के अधिक एका मताने देश मोडता कामा नये, असे ते म्हणत. त्यांनी १९९२ प्रमाणे बहिष्कार टाकला असता तर निकालाला अर्थ उरला नसता.

महासंघाने स्लोव्हाकियाचे मुत्सद्दी मिरोस्लाव्ह लायचाक यांना वाटाघाटींसाठी पाठवले. त्यांच्या प्रयत्नांतून तोडगा निघाला : किमान ५० टक्के मतदान आणि वैध मतांपैकी किमान ५५ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने. सार्वमत आयोगाचे अध्यक्षपदही स्थानिक व्यक्तीकडे न देता स्लोव्हाकियाचेच फ्रांतिशेक लिप्का यांच्याकडे सोपवण्यात आले. १ मार्च २००६ रोजी या अटींसह कायदा संमत झाला.

ही अट कोणालाच आवडली नव्हती. स्वातंत्र्यवाद्यांच्या दृष्टीने एकत्र राहण्याच्या बाजूच्या मताला जास्त वजन दिले गेले होते. शिवाय मतदान ५० आणि ५५ टक्क्यांच्या मध्ये अडकले तर काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. बहुमत स्वातंत्र्याच्या बाजूने आणि देश मात्र एकत्र, ही स्थिती स्फोटक ठरली असती.

मतदार कोण, हा दुसरा कळीचा मुद्दा होता. सर्बियात स्थायिक झालेल्या माँटेनेग्रोच्या मूळ रहिवाशांची संख्या दोन लाखांहून जास्त सांगितली जात होती आणि त्यांनाही मत द्यावे, अशी बेलग्रेडमधील काहींची मागणी होती. ती मान्य झाली नाही. जो सर्बियाच्या निवडणुकीत मतदान करतो त्याला माँटेनेग्रोच्या सार्वमतात मत नाही, हे तत्त्व ठरले. सव्वासहा लाखांच्या देशात हा निर्णय दुसऱ्या बाजूने गेला असता तर निकालही बदलला असता, असे मानायला जागा आहे.

निकाल किती अटीतटीचा होता?

मतदार यादीत सुमारे ४ लाख ८५ हजार नावे होती आणि ८६ टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले. स्वातंत्र्याच्या बाजूने सुमारे २ लाख ३० हजार, विरोधात सुमारे १ लाख ८५ हजार मते पडली. टक्केवारी ५५.५. अट ओलांडली गेली ती अर्ध्या टक्क्याने. सुमारे दोन हजार मतदारांनी आपले मत फिरवले असते, तर युरोपच्या नकाशावर हा देश दिसला नसता.

देश सरळ दुभंगला होता. जुनी राजधानी त्सेतिन्ये, अल्बानियन वस्तीचे उल्त्सिन्य आणि बॉस्नियाक वस्तीचे रोझाये येथे ८० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला मिळाली. प्लुझिने आणि अँड्रियेवित्सा या उत्तरेकडील भागांत लोकांनी ठाम नकार दिला. अल्पसंख्याकांची मते नसती तर ५५ चा आकडा गाठता आला नसता, असे बहुतेक निरीक्षकांचे मत आहे. १९९२ मध्ये घरी बसलेल्या या समाजांनी २००६ मध्ये निकाल ठरवला.

प्रेद्राग बुलातोविच यांच्या नेतृत्वाखालील विरोधी गटाने गैरप्रकारांच्या तक्रारी करून फेरमोजणी मागितली. पण आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी मतदान योग्य रीतीने झाल्याचे सांगितले होते आणि नियम विरोधकांनी आधीच स्वीकारलेले होते. नावडती ५५ टक्क्यांची अट इथे कामी आली. साध्या बहुमताचा निकाल असता तर तो खोडून काढणे सोपे होते. विरोधकांना झुकते माप देणारी अट पार केल्यावर तक्रारीला धार उरली नाही. सर्बियाचे अध्यक्ष बोरिस तादिच यांनी निकाल लगेच मान्य केला. पंतप्रधान व्होयिस्लाव्ह कोश्तुनित्सा नाखूश होते, तरी १५ जूनला सर्बियाच्या सरकारनेही मान्यता दिली.

वाटणीत कोणाला काय मिळाले?

६०व्या कलमानुसार जुन्या राज्याचा वारसा सर्बियाकडे गेला. ५ जून रोजी सर्बियाच्या संसदेने तशी घोषणा केली. संयुक्त राष्ट्रांतील जागा, आंतरराष्ट्रीय करार, दूतावासांचे जाळे सर्बियाकडे राहिले. माँटेनेग्रोला प्रत्येक संघटनेत नव्याने अर्ज करावा लागला. सर्बियाच्या नागरिकांनी मात्र यावर मतच दिले नव्हते. दुसऱ्याच्या सार्वमतामुळे त्यांचा देश बदलला आणि समुद्रकिनाराही गेला.

वारशासोबत ओझेही आले. बोस्नियाने वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात जुन्या युगोस्लाव्हियाविरुद्ध खटला भरला होता. फेब्रुवारी २००७ मधील निकालात न्यायालयाने एकट्या सर्बियाला प्रतिवादी मानले. माँटेनेग्रो हे नवे राज्य असल्याने ते त्यातून सुटले. स्रेब्रेनित्सातील वंशसंहार रोखण्याचे कर्तव्य पाळले नाही, असा ठपका सर्बियावर आला.

पैशाचा हिशेब जुलै २००६ मधील करारात झाला. आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांमधील हक्क आणि देण्यांत माँटेनेग्रोचा वाटा सुमारे सहा टक्के ठरला. सैन्याची विभागणीही शांततेत झाली आणि माँटेनेग्रोने त्याच वर्षी सक्तीची लष्करी सेवा बंद केली.

एक गोष्ट मात्र वाटली गेली नाही. जून २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉल विश्वचषक सुरू होता आणि त्यात ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’ हा संघ खेळत होता, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या देशाचा संघ. अर्जेंटिनाने त्याला ६-० असे हरवले.

इतर ठिकाणी हे का जमत नाही?

बहुतेक देशांच्या घटनेत बाहेर पडण्याची वाटच नसते. भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे आणि कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा अधिकार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. स्पेनच्या घटनेने राष्ट्राची एकता अविभाज्य मानली आहे. त्यामुळे २०१७ मधील कॅटालोनियाचे सार्वमत तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवले.

काही ठिकाणी हक्क कागदावर असतो, पण वापरता येऊ नये अशा बेताने. सोव्हिएत संघाच्या घटनेत प्रत्येक घटक प्रजासत्ताकाला बाहेर पडण्याचा हक्क होता. बाल्टिक प्रजासत्ताके तो वापरू लागल्यावर एप्रिल १९९० मध्ये कायदा आला : दोन-तृतीयांश मतदारांची संमती आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ. ही अट मॉस्कोने एकतर्फी घातली होती आणि बाल्टिक देशांनी ती जुमानली नाही.

माँटेनेग्रोच्या सर्वात जवळचे उदाहरण कॅरिबियन समुद्रातील आहे. सेंट किट्स अँड नेव्हिस या संघराज्याच्या घटनेने नेव्हिस या छोट्या बेटाला वेगळे होण्याचा हक्क दिला आहे. १९९८ मध्ये तिथे सुमारे ६२ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिले. पण अट दोन-तृतीयांशची होती. नेव्हिस आजही त्याच संघराज्यात आहे आणि तो निकाल सगळ्यांनी मानला. माँटेनेग्रो ५५.५ टक्क्यांवर स्वतंत्र झाला, नेव्हिस ६२ टक्क्यांवर झाला नाही. दोन्हीकडे शांतता राहिली, कारण आकडा मतमोजणीच्या आधी ठरलेला होता.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले?

माँटेनेग्रो २०१७ मध्ये नाटोत गेला. युरोपीय महासंघाशी सदस्यत्वाची बोलणी २०१२ पासून सुरू आहेत. पर्यटन हा अर्थव्यवस्थेचा मोठा आधार झाला आहे. छोट्या अर्थव्यवस्थेचे धोकेही दिसले. बार बंदराकडून सर्बियाच्या सीमेकडे जाणाऱ्या महामार्गाच्या पहिल्या ४१ किलोमीटरसाठी २०१४ मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून ९० कोटी डॉलरहून अधिक कर्ज घेतले गेले आणि ते देशाच्या गळ्याशी आले. सत्तेचेही तसेच. जुकानोविच यांचा पक्ष तीन दशकांनी, २०२० च्या निवडणुकीत पायउतार झाला. तोवर राज्य आणि पक्ष यांतील रेषा पुसट झाल्याची टीका सतत होत राहिली.

जो प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता, तो तसाच राहिला. २००७ च्या घटनेने ‘माँटेनेग्रिन’ ही राजभाषा ठरवली. तरीही २०२३ च्या जनगणनेत स्वतःला माँटेनेग्रिन म्हणवणारे सुमारे ४१ टक्के आणि सर्ब म्हणवणारे सुमारे ३३ टक्के निघाले. २००३ मध्ये हेच प्रमाण ४३ आणि ३२ होते. वीस वर्षांच्या स्वतंत्र कारभाराने लोकांची स्वतःबद्दलची समजूत फारशी हलवलेली नाही. भाषेच्या रकान्यात तर सर्बियन लिहिणारे माँटेनेग्रिन लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक आहेत. २०१९ च्या अखेरीस चर्चच्या मालमत्तेविषयी कायदा झाला, तेव्हा सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या बाजूने हजारो लोक महिनोन् महिने रस्त्यावर उतरले. सत्तांतराचे ते एक मोठे कारण होते.

म्हणून या उदाहरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. प्रजासत्ताकाचा दर्जा, बाहेर पडण्याचे लिखित कलम, दोन्ही गटांनी आधी स्वीकारलेला आकडा आणि तटस्थ पंच, या चार गोष्टी जुळल्या म्हणून एक छोटे राज्य रक्तपाताविना देश होऊ शकले. सार्वमताने सीमेचा प्रश्न मिटवला. त्या सीमेच्या आत १ लाख ८५ हजार ‘नाही’ म्हणणारे लोकही राहतात. त्यांना हा देश आपला वाटेल, यासाठी मतदानाचा कोणताही दिवस पुरत नाही. ते काम पॉडगोरिट्सात आलेल्या प्रत्येक सरकारपुढे आजही आहे.